अकरा किलो दोनशे

नेरळच्या भाताच्या गिरणीत मी बावीस वर्षं काट्यावर होतो. पोतं चढवायचं, दांडीवरचं वजन सरकवायचं, दांडी थरथरून मधोमध थांबली की आकडा काळ्या शाईनं पोत्यावर लिहायचा, एवढंच काम. पण त्याची खोड लागते. समोर येईल ते तोलायला लागतो माणूस. मी सासऱ्यांची पगडी तोललेली आहे, आणि लग्नानंतर आठव्या दिवशी बायकोला काट्यावर उभं करून गिरणीभर हसं करून घेतलेलं आहे. त्रेचाळीस किलो भरली. "सुपभर कोंड्याला घेतलेली, त्या मानानं बरी भरली," असं मी म्हणालो होतो.

तिचं नाव कोंडी. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून ती जन्मल्याबरोबर तिच्या आईनं तिला शेजारणीच्या ओटीत टाकली, आणि बाराव्या दिवशी सुपभर कोंडा देऊन परत घेतली. म्हणजे मूल आपलं नव्हेच, परक्याचं, कोंड्याला विकत घेतलेलं. सटवाई फसते आणि मूल जगतं. आमच्या पोशीर गावात दोन घरांआड असा एखादा कोंडी नाहीतर धोंडू सापडेल. मी सातवी पास, असल्या गोष्टींवर हसणारा.

आमची मात्र दोन गेली. पहिलं घरातच. दुसरं बैलगाडीत, नेरळची वेस दिसत असताना. त्या दिवशी मी बैलांना मारलं. आयुष्यात कधी मारलं नव्हतं. पुढं अडुसष्टच्या दिवाळीत कोंडीला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा मी एकच ठरवलं, की या वेळी तिला कर्जतच्या दवाखान्यात वेळेवर पोचवायचं. बैलांच्या पायानं नाही.

खालापूरच्या बाजूला एका बाईकडं साइडकारची जुनी मोटारसायकल पडून आहे, हे गिरणीच्या ट्रक ड्रायव्हरकडून कळलं. बाईचं नाव सोनुबाई. तिचा नवरा हिरामण लढाईत लष्कराच्या गाड्या हाकायचा. लढाई संपल्यावर भंगारातून त्यानं ही बीएसए आणली आणि स्वतःच्या हातानं तिला साइडकार जोडली. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. गाडी पडवीत पेंढ्याखाली होती. टायर कुजलेले, चेन गंजून दोरखंडासारखी ताठ. साइडकारची गादी मात्र शाबूत होती, फक्त डाव्या कडेला बशीएवढा खळगा पडलेला.

"पोर बसायची त्यात," सोनुबाई म्हणाली. घरात पोर कुठं दिसत नव्हती.

गाडीचा सौदा लगेच जमला. साइडकारचं काय द्यायचं विचारलं तर बाईनं मान हलवली. पैसे नकोत म्हणाली, कोंडा दे. आतून निळ्या पट्ट्यांची एक लहान पिशवी आणून माझ्या हातात दिली. मला वाटलं, गुरं असतील. गिरणीत कोंड्याला काय तोटा. पिशवी भरली, दाभणानं सुतळीची शिवण घातली, सवयीनं तोलली आणि सवयीनंच वर आकडा लिहिला : ११-२००.

गाडी आणायला ट्रक घेऊन गेलो तेव्हा पिशवी दिली. बाईनं ती डोक्यावर घेतली नाही. कडेवर घेतली आणि आत गेली.

गाडी जुळवण्याचं काम कमालनं केलं. नेरळ स्टेशनाच्या मागं त्याचं गॅरेज होतं. हात सोन्याचा, तोंड फाटकं. "सहदेवभाऊ, ही गाडी नाय, ही मयत हाय," असं पहिल्या दिवशी म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या प्रेमातच पडला. इंजिन खोललं, पिस्टन रॉकेलमध्ये आठ दिवस भिजवून सोडवला, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो नव्या तारेनं गुंडाळून आणायला मुंबईला धाडला. मी रोज गिरणी सुटली की जायचो आणि लोखंड घासत बसायचो. हिरव्या रंगाखाली लष्कराचे पांढरे आकडे निघाले तेव्हा मला लहान पोरासारखा आनंद झाला होता. गादीवाल्याकडून साइडकारला काथ्याची नवी गादी करून घेतली.

आणि अर्थातच मी सगळं तोललं. साइडकारचा सांगाडा, चाक, वरचा पत्र्याचा डबा, गादी, एकेक करून गिरणीच्या काट्यावर. बेरीज त्र्याऐंशी किलो. पुढं हे भाग जोडून साइडकार अख्खी काट्यावर घेतली. चौऱ्याण्णव किलो दोनशे.

मी काटा साफ केला. पुन्हा तोललं. तेच. कमाल माझ्या चुकीवर पोटभर हसला आणि त्यानं पान्यानं सगळं परत सुटं केलं. सुटे भाग त्र्याऐंशी. जोडलं की चौऱ्याण्णव दोनशे. तिसऱ्यांदा जोडल्यावर तो हसला नाही.

माप खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे मी जन्मभर शेतकऱ्यांना ऐकवत आलो. आता ते वाक्य कुणाला ऐकवावं कळेना. फरक अकरा किलो दोनशेचा होता. हा आकडा मी कुठंतरी लिहिलाय, एवढंच वाटत राहिलं. आकडे काय, मी रोज शंभर लिहायचो.

माघात गाडी सुरू झाली. तिसऱ्या किकेला धडधडली आणि अख्खी गल्ली गोळा झाली. कमाल एकटाच कर्जतच्या रस्त्याला फिरवून आला. परत आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं.

"रिकामी साइडकार डाव्या वळणाला उठते," तो म्हणाला. "उठायलाच पायजे. म्हणून तर रेतीचं पोतं टाकतात आत. ही उठत नाय, सहदेवभाऊ. आत कोन तरी बसल्यागत चालते."

मग त्यानं गादीकडं बोट केलं. नवी काथ्याची गादी, जिच्यावर अजून कुणीही बसलं नव्हतं. डाव्या कडेला खळगा पडला होता.

त्यानं हात धुतले, गाडी माझ्या ताब्यात दिली आणि यापुढं हिला हात लावणार नाही असं सांगितलं. मजुरीही घेईना. मी त्याच्यावर चिडलो, कारण मला भीती वाटली होती.

कोंडी पहिल्यांदा साइडकारमध्ये बसली ती आमच्या अंगणात. सातवा महिना. बसली ती उजव्या कडेला, अंग चोरून. मी म्हटलं, ऐसपैस बस, राणीची गादी आहे. ती कडेलाच राहिली. मग तिनं विचारलं, की या साइडकारचं काय दिलंत? ती हसेल म्हणून मी मोठ्या मजेत कोंड्याची गोष्ट सांगितली.

ती हसली नाही.

"किती दिला?" तिनं विचारलं.

आणि आकडा सांगतानाच तो मी कुठं लिहिला होता ते मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी खाडा केला आणि गाडी घेऊन खालापूरला गेलो. साजगावच्या पुढं रस्ता उतरतो तिथं एक डावं वळण आहे. मी मुद्दाम जोरात घेतलं. साइडकार जमिनीला चिकटून राहिली.

सोनुबाई दारात बसली होती. निळ्या पट्ट्यांची पिशवी आत आढ्याला टांगलेली दिसत होती, शिवण तशीच. मी आजूबाजूला पाहिलं. गाय नव्हती, म्हैस नव्हती, एक कोंबडीसुद्धा नव्हती. मी सरळ सांगितलं, बाई, तुझी साइडकार तू परत घे, मला नको.

"आत्ता नको बाबा," ती म्हणाली. "तुजं काम होऊं दे. मी येईन न्यायाला, येळ झाली की. देशील ना?"

मला हायसं वाटलं. कोंडीला दवाखान्यात पोचवायचं होतं आणि दुसरं वाहन नव्हतं. मी म्हणालो, माझं काम झालं की कधीही ये, तुझी आहे, तू घेऊन जा. हे मी स्वतःच्या तोंडानं म्हणालो.

मी किक मारत असताना ती जवळ आली आणि साइडकारच्या कडेवरून हात फिरवला.

"डाव्या वळनाला हळू घे. भिते ती."

कोण, म्हणून मी विचारलं. तोवर ती आत गेली होती.

घरी येऊन मी कोंडीला म्हटलं, आपण दुसरी काहीतरी सोय बघू. पण तिनं माझा हात घट्ट धरला. असलेली सोय मोडायची नाही म्हणाली. दोन गेल्यावर ती बदलली होती. पुढचे दोन महिने ती रोज दुपारी अंगणात साइडकारमध्ये जाऊन बसायची, उजव्या कडेला, डावा हात गादीवर पसरून. मी बघायचो आणि विहिरीवर निघून जायचो.

चैत्रात कळा सुरू झाल्या. ऐन दुपारची वेळ. शेतं रिकामी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी तिला बसवली, बाळंतपणाला आलेल्या सासूबाईंना मागच्या सीटवर घेतलं आणि निघालो.

नेरळ मागं पडलं. हँडल डावीकडं ओढत होतं, दोघांच्या वजनानं ओढावं तसं. मी ते दाबून धरलं होतं. कोंडी डोळे मिटून कण्हत होती.

डिकसळच्या पुढं डावं वळण आलं. मी हळू घेतलं. कुणासाठी हळू घेतलं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

वळणाच्या मध्यावर हँडल एकदम सैल पडलं.

मी खाली पाहिलं. कोंडीचं कण्हणं थांबलं होतं. दोन्ही हात पोटावर होते. ती गादीच्या मधोमध बसली होती.

"चला," ती म्हणाली. "बिगीनं चला."

मुलगी झाली. दोन किलो आठशे. रडली, चांगली खणखणीत रडली, आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून तिच्याहून जास्त रडलो. तिचं नाव शेवंता ठेवलं. कोंडी नाव कुणी सुचवलं नाही.

महिन्यानं मी साइडकार सोडवली आणि काट्यावर घेतली. त्र्याऐंशी. ट्रकमध्ये टाकून ती तडक खालापूरला नेली. सोनुबाईनं वाकून आत पाहिलं, पत्र्यावर टिचकी मारली.

"ही रिकामी हाय," ती म्हणाली. "हिचं मी काय करू?"

मी साइडकार तिच्या अंगणात टाकून आलो. घरी काही सांगितलं नाही.

शेवंता वाढत गेली. गोरीगोमटी नाही, पण हसरी. तिच्यावर माझा जीव इतका जडला, की गिरणीतली माणसं मला चिडवायची. दर महिन्याला तिला तोलायचो. सात, आठ, साडेनऊ. अकरा भरली त्या दिवसापासून तोलणं बंद केलं. मोटारसायकलही विकून टाकली.

एकाहत्तरच्या पौषात गिरणीत भाताची रीघ लागली होती. दुपारी कोंडी भाकरी घेऊन आली, कडेवर शेवंता. मी पाणी प्यायला गेलो होतो. परत येतो तर मोरू हमालानं पोरीला काट्यावर बसवलेलं, आणि सगळे हसतायत. मोरूनं वजन सरकवलं. दांडी थरथरली, मधोमध थांबली.

आकडा मी वाचला नाही. वाचायची गरज नव्हती.

मी झडप घालून पोरीला उचललं आणि कोंडीच्या हातात दिलं. घरी जा म्हटलं. आत्ताच्या आत्ता.

कोंडी वळली आणि तिथंच थांबली.

दारात सोनुबाई उभी होती. कडेवर निळ्या पट्ट्यांची पिशवी. शिवण माझ्या हातची, एक टाकाही न उसवलेली. शाई माझ्या अक्षरातली. दोन वर्षांच्या कोंड्याला जाळी धरते, कुबट वास येतो. या पिशवीला आत्ताच जात्याखालून निघाल्यासारखा वास होता.

"येळ झाली बाबा," ती म्हणाली. "मोजून घे."

तिनं पिशवी सावकाश काट्यावर ठेवली. दांडीवरचं वजन मोरूनं शेवंतासाठी लावलेलं तसंच होतं. ते कुणी सरकवलं नाही.

दांडी थरथरली आणि मधोमध थांबली.