पंधराचे सतरा कसे झाले?

“मी फोनवर स्पष्ट पंधरा इंच सांगितलं होतं!” नव्या चाकखुर्चीत बसून पाहणारी मुलगी रडवेली झाली होती. “ही बैठक केवढी रुंद! चाकांपर्यंत माझे हात नीट पोचत नाहीत. आणि पाचच्या गाडीने आमची सहल निघतेय!”

“मी पंधराच सांगितलं!” मामा म्हणाला.

“मी सतराच ऐकलं!” वेल्डरकाका फणकारले.

आठवड्यातली ही तिसरी चूक. चारला परत येते म्हणून मुलगी जुन्या खुर्चीतून गेल्यावर मामा पुटपुटला, “काकांचं वय झालंय. आता त्यांना घरी बसवावं लागणार.”

सुट्टीत मामाकडे आलेल्या टिकलीने ते ऐकलं. काकांनीच तिला स्क्रू पिळायला शिकवलं होतं!

“भोंग्या,” ती मामेभावाला म्हणाली, “खरी चूक कुणाची, ते शोधायचं!”

“पण हळू बोल, गुपित आहे ना!” भोंगा एवढ्या मोठ्याने म्हणाला की मांजर पळालं.

मामाचा चाकखुर्च्यांचा कारखाना छोटा. खाली यंत्रं, वर मामाचं टेबल आणि फोन. फोनवर मापं आली की मामा जिन्यातून ओरडायचा आणि काका खालून मान डोलवायचे. टिकली जिन्यात उभी राहिली. खाली ग्राइंडर घरघरत होता.

“काका! तुमच्या डोक्यावर माकड बसलंय!” ती ओरडली.

काकांनी अंगठा दाखवला. “हो, हो! झालंच म्हणून समजा!”

भोंगा हसून हसून लोळला. टिकलीने मामाला ओढत आणलं आणि खाली यंत्राशेजारी उभं केलं. मग वर जाऊन ती एक आकडा ओरडली आणि खाली येऊन तिने विचारलं, “काय म्हणाले मी?”

“सतरा!” मामा म्हणाला.

“तेरा म्हणाले, मामा! तुझं वय किती रे?”

मामाचा चेहरा पडला. काकांनी ग्राइंडर बंद केला. “अरे, दहा वर्षं मी अंदाजानेच काम करतोय,” ते ओशाळून म्हणाले. “सारखं ‘काय? काय?’ विचारायची लाज वाटायची.”

“मग सांगायचं नाही का?” मामाचा आवाज उतरला. “आणि मी तरी खाली उतरून कधी विचारलं!”

घड्याळात साडेअकरा झाले होते. भोंग्याने धावत जाऊन खेळण्यातले वॉकीटॉकी आणले. आवाज आला की त्यांच्यावरचा दिवा लुकलुकायचा. दिवा दिसला की काका यंत्र थांबवत, माप ऐकत आणि परत म्हणून दाखवत. मुलीने फोनवर सांगितलेलं पाय ठेवायच्या पट्टीचं मापसुद्धा बिनचूक खाली पोचलं. दांडे कापले, जोडले, घासले. चार वाजता खुर्ची तयार!

मुलीने स्वतःच्या हातांनी चाकं फिरवली, गर्रकन वळली आणि ओरडली, “वा! आता कुणी ढकलायला नको!”

दुसऱ्याच दिवशी मामाने इंटरकॉम बसवला. खाली लाल दिवा आणि शेजारी मापं लिहायची वही. “हे आधीच घ्यायला हवं होतं,” तो म्हणाला. “पोरांनो, तुम्ही माझे डोळे उघडलेत.”

पहिला फोन काकांनी केला. टिकलीने वर रिसीव्हर कानाला लावला.

“पोरी, तुझ्यामुळे माझं काम टिकलं,” काका म्हणाले.

टिकली थक्क झाली. वर्षानुवर्षं ओरडून बोलणाऱ्या काकांचा आवाज इतका मऊ होता, हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं!