नातेवाइकाची सही

मणक्यावर दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेची जखम नखाएवढी होती. ती दहा दिवसांत भरली. दुखणे मात्र राहिले. तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक भूपाल यांच्या डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ थेट पायाच्या करंगळीत उतरे. तेथे चपलेचा पट्टाही सोसवत नसे. बेळगावच्या डॉक्टरांनी मणक्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले. कन्नड संमतिपत्रावर नातेवाईक म्हणून पत्नी राजमतीने सही केली. घरात कागद वाचायचे भूपाल यांनी आणि सही करायची इतरांनी, अशी टिळकवाडीतल्या त्या सुशिक्षित घराची रीत होती.

कळ त्याच दुपारी गेली. तिसऱ्या दिवशी राजमतीने डावी चप्पल काढून ठेवली.

तिच्या तपासणीत काहीच सापडले नाही.

"अवं, सही मी केलती," ती म्हणाली. "तुमचं दुखणं मला आलंय जणू."

"ज्याचं कर्म त्यानंच भोगायचं असतंय. एवढं प्रवचन ऐकून हेच शिकलीस?"

औषधाचा अंमल तीन महिन्यांत ओसरला आणि भूपाल यांची कळ परतली. राजमतीची गेली नाही. दुसऱ्या इंजेक्शनला सदलग्याहून धाकटा भाऊ सन्मती आला होता. सही त्याने केली. आठवड्याने त्याचा फोन आला.

"आण्णा, तुमचं दुखणं माझ्याकडं मुक्कामाला आलंय बघा. लई चिवट पाव्हणा! करंगळीत तर नुसता इस्तू पेटलाय."

भूपाल हसले. फोन ठेवल्यावर मात्र दोन उदाहरणांवरून निष्कर्ष काढू नये, हा नियम त्यांनी स्वतःलाच मोठ्याने सांगितला.

तीन महिन्यांनी कळ पुन्हा आली. निघताना राजमती अंथरुणातूनच म्हणाली, "अनूला सही करू देऊ नका. पदरात लेकरू हाय तिच्या."

"व्हय," भूपाल म्हणाले.

दवाखान्यात सून अनुराधाने कागद घेतला. भूपाल यांची करंगळी जळत होती.

"मामा, काय लिवलंय यात?"

"नेहमीचंच."

"कुठं करू सही?"

आयुष्यभर दुसऱ्यांचे हेत्वाभास दाखवत आलेले भूपाल यांचे बोट क्षणभर हवेत थांबले.

मग कागदावर टेकले.

दुपारी भूपाल ताठ चालत बाहेर आले. गाडीपाशी पोहोचून त्यांनी मागे पाहिले.

अनुराधा सावकाश येत होती. डाव्या पायातली चप्पल तिच्या हातात होती.