गाडी लई हालून राहिली

डोळे मिटा बघू, बाळांनो. समजा, आपण लातूरहून जळकोटला निघालेल्या एसटीत बसलोय. बाहेर पिवळीधमक करडई, पायाखाली शेंगांची टरफलं… आणि खिडकीशी आठ वर्षांची रुद्राणी, आत्याकडे शिकायला राहिलेली.

“आत्या, गाडी लई हालून राहिली!”

“लई नाही, खूप. आणि हलतेय म्हण.”

आत्या म्हणजे अंबिका, मूळची लातूरजवळच्या मुरुडची. जळकोटच्या शाळेत मराठी शिकवायची. पुण्याला शिकताना ती एकदा बोलायला उभी राहिली, तर वर्ग हसला. ती तशीच खाली बसली, आणि गावची बोली तिनं ओठांआड कोंडली.

शेजारचा तरुण हसला. “राहू द्या की मॅडम. गाडी खरंच लई हालून राहिलीय.”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“कुणीच नाही. मी सोमेश. उदगीरला इंग्रजी शिकवतो.”

“म्हणूनच! तुमची इंग्रजी बघा, कशी नीटनेटकी…”

“ती?” सोमेशनं भुवया उंचावल्या. “अहो, इंग्लंडचे राजे दोन-तीनशे वर्षं दरबारात फ्रेंच बोलायचे. इंग्रजी म्हणजे शेतातल्या, चुलीपुढच्या माणसांची बोली. त्यांनी ती सोडली नाही. फ्रेंच शब्द आवडले ते उचलले, जिभेला जड झाले ते टाकले. लेकरं आईबापांहून थोडं वेगळं बोलत गेली… आज ती जगभर पोचलीय.”

“म्हणजे बिघडली.”

“चालती राहिली. चालती म्हटल्यावर हालणारच — या गाडीसारखी!”

अंबिकेनं तोंड फिरवलं. पण काचेत तो दिसत होता… तिच्याकडेच बघत.

मग दर सोमवारी गावाहून परतताना तीच गाडी, तेच भांडण. एखाद्या सोमवारी तो नसला, की अंबिकेला करडईही फिकी वाटायची.

उदगीरला कथाकथनाची स्पर्धा आली. अंबिकेनं रुद्राणीकडून शब्दन् शब्द घोटून घेतला होता. सोमेश मागच्या रांगेत येऊन बसला.

“एका गावात एक… अतिशय…” रुद्राणी अडकली. तिचे डोळे भरून आले. “मला न्हाई येत…” ती पायऱ्यांकडे वळली.

अंबिकेला पुण्याचा तो वर्ग आठवला. आज ही खाली उतरली, तर पुन्हा कधी बोलेल?

ती भर सभागृहात उभी राहिली.

“रुदे, थांब गं! बकरीनं आज्याचं धोतर कसं खाल्लं, ते सांग की! आपल्या बोलीत. लई भारी सांगतीस तू!”

कुणीतरी खुदकन हसलं. अंबिका खाली बसली नाही.

रुद्राणीनं डोळे पुसले. “तर काय झालं… आमची बकरी लई वंगाळ हाय!”

सभागृह पोट धरून हसलं. पहिलं बक्षीस तिचंच!

गर्दीतून वाट काढत सोमेश जवळ आला. “आज मुरुडची अंबिका भेटली.”

“आवडली?”

“लई.” तो घुटमळला. “आमच्या घरी… कानडी बोलतात. शिकाल? म्हणजे — कायमचं यायचं झालं, तर?”

अंबिकेच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ‘होय’ ओठांवर आलं… आणि तिथंच थांबलं. तिनं मान वर केली आणि मुरुडच्या बोलीत म्हणाली,

“हाव.”

चषक छातीशी धरून रुद्राणी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिनं तो सोमेशच्या हातात कोंबला, धावत मंचावर चढली आणि चालूच राहिलेल्या माईकमध्ये ओरडली,

“ऐका वो समदे! माझी आत्या हाव म्हनली!”