शेवाळी रंगाच्या दोन गाड्या

वळण संपलं आणि जनावरांच्या डॉक्टरणीने करकचून ब्रेक दाबला. समोर तिचीच गाडी उभी होती.

तिची म्हणजे तशीच. तोच शेवाळी रंग, तीच मागे लांबलचक डिक्की, चाकांभोवती तोच काळ्या प्लास्टिकचा जाड पट्टा, छतावर तेच रेलिंग. बघणाऱ्याला वाटावं, ही आता डोंगर चढून जाईल. प्रत्यक्षात ती रस्त्यातली शेणाचा ढीगसुद्धा पोटाला लावून घेत असे. या भागात अशी गाडी घेण्याचा मूर्खपणा आपण एकटीनेच केलाय, अशी तिची आजवर समजूत होती.

पाऊस भुरभुरत होता. रस्ता म्हणजे चाकांनी पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा उंचवटा. एका बाजूला काटेरी कुंपण, दुसऱ्या बाजूला चर. समोरच्या गाडीची काच खाली आली.

‘‘जरा मागे घेता का?’’ एका चष्मेवाल्या तरुणाने विचारलं.

‘‘मी? तुम्ही घ्या. फाट्यापर्यंत मागे जायचं म्हणजे माझं ऑइल चेंबर फुटेल.’’

‘‘अहो, माझंही चेंबर तिथेच आहे!’’

‘‘मी जनावरांची डॉक्टर आहे. पुढच्या वस्तीवर गाय अडलीये. वासराचा एक पाय मागे अडकलाय. आता बोला.’’

त्याने मुकाट्याने रिव्हर्स टाकला, मान वळवून मोठ्या काळजीने गाडी मागे घेतली — आणि तितक्याच काळजीने मागचं चाक चरात घातलं. गाडी तिरकी होऊन चरात घसरली. रस्ता मात्र मोकळा झाला.

‘‘जा तुम्ही,’’ तो चिखलात उतरत म्हणाला. ‘‘माझं मी बघतो.’’

‘‘काय बघणार? बसा आत. वस्तीवर ट्रॅक्टर मिळेल.’’ तिने वैतागून दार उघडलं. ‘‘आणि दार जोरात आपटा. नाहीतर लागत नाही.’’

‘‘माहितीये,’’ तो म्हणाला आणि दार नेमकं हवं तेवढ्या जोरात आपटलं.

पुढचा रस्ता दोघे दात आवळून बसले. डॅशबोर्डमधून टकटक सुरू झाली.

‘‘हा आवाज...’’ तो हळूच म्हणाला. ‘‘माझ्यातही येतो. मी तिथे मोजा कोंबलाय.’’

‘‘थांबतो?’’

‘‘नाही. पण मोज्यातून जरा सौम्य येतो.’’

तिला हसायचं नव्हतं. तरी ओठाचा कोपरा हललाच. ‘‘शोरूममध्ये तो फोटो बघितला होतात? डोंगराच्या टोकावर ही गाडी उभी?’’

‘‘बघितला ना. त्याला भुलूनच घेतली. नक्की हेलिकॉप्टरने नेऊन ठेवली असणार.’’

गोठ्यात गायीची मालकीण डोळ्यांत प्राण आणून वाट बघत होती. नवरा बाहेरगावी, शेजारी शेतावर. डॉक्टरणीने बाह्या सरसावल्या, कोपरापर्यंत हात आत घालून वासराचा अडकलेला पाय सरळ केला, दोन्ही पायांना दोरी बांधली आणि दुसरं टोक चष्मेवाल्याच्या हातात दिलं.

‘‘मी सांगेन तेव्हा ओढा. नाही सांगितलं तर हलायचंसुद्धा नाही.’’

‘‘बरं.’’

‘‘आता! ... बास. बास म्हटलं ना!’’

‘‘थांबलो, थांबलो!’’

गाय कण्हली, दोरी ताणली, आणि एका दमात ते ओलं, लांब पायांचं वासरू बाहेर आलं. त्याच्या भाराने चष्मेवाला मागच्या मागे शेणात बसला. वासरू शिंकलं तेव्हा मालकीण रडायलाच लागली. त्याने बरबटलेला चष्मा काढला. चष्म्याशिवायचे त्याचे डोळे अगदी उघडे, निरागस होते, आणि ते वासराकडे असे बघत होते, की डॉक्टरीण क्षणभर हात पुसायचंच विसरली.

‘‘मला आता तुम्ही नुसत्या धूसर दिसताय,’’ तो म्हणाला.

‘‘बरंय. केसांत शेण आहे माझ्या.’’

‘‘तेवढं दिसतंय.’’

ट्रॅक्टरने त्याची गाडी बाहेर काढली, तेव्हा पुढच्या बंपरखालची पोलादी पट्टी कडाकन मोडून हातात आली. पोलादी कसली, वर चंदेरी रंग आणि आत प्लास्टिक. दोघांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. मग मात्र ती खळखळून हसली. हसता हसता तिला पुन्हा राग आला, कारण तिच्याही गाडीला तीच पट्टी होती.

तो फिरता चष्मेवाला होता. डिक्कीत डोळे तपासायचं सामान, काचा आणि फ्रेमा घेऊन गावोगाव जायचा. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत ज्यांचं जाणं होत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना चष्मे करून द्यायचा. त्या दिवसापासून फोन सुरू झाले. ‘‘आज सायलेन्सर लटकला.’’ ‘‘माझा तर पडला. मागे जाऊन उचलून आणला.’’ डॉक्टरीण फोनवर करवादायची आणि तो शांतपणे ‘‘अरेरे... मग?’’ म्हणायचा. त्या ‘मग?’साठी ती दिवसभर त्रास गोळा करत असते, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. लक्षात आल्यावर तिला त्याचाही वैताग आला.

लोकांनी तर घोळाची कमाल केली. त्याच्या गाडीला हात करून लोक शेळ्या पुढे करत. तिला थांबवून एका आजींनी विचारलं, ‘‘बाई, माझी सुई दिसत नाही, नंबर वाढला का बघ.’’ कहर म्हणजे, ती जिच्याकडे राहायची त्या मावशीला कुणीतरी सांगितलं, ‘‘तुमच्या भाचीची गाडी रोज चष्मेवाल्याच्या दारात असते.’’

‘‘अगं मावशी, ती त्याचीच गाडी आहे! त्याच्या दारात त्याची गाडी नाही असणार तर कुणाची असणार?’’

‘‘मग तू लाल कशाला झालीस?’’ मावशी म्हणाली आणि चष्मा बदलायचं निमित्त काढून तिने त्याला घरी बोलावलं. त्या दिवशी डॉक्टरीण नेमकी लसीकरणाला गेलेली. परत आली तर मावशीच्या नाकावर नवा चष्मा होता आणि तोंडावर कुलूप.

त्यानंतर त्याचे फोन कमी झाले. आणि मग एका दुपारी तिच्या दवाखान्यातला कंपाउंडर सहज म्हणाला, ‘‘चष्मेवाले शहरात दुकान घेतायत म्हणे. सोमवारी सही. गाडीपण विकणार.’’

डॉक्टरणीने हातातली सिरिंज ठेवली, परत उचलली, परत ठेवली. दुकान घेतोय. आपल्याला साधं सांगितलंही नाही! सायलेन्सरचं सांगतो, मोज्याचं सांगतो, आणि हे...

संध्याकाळी ती तणतणत घरी पोचली, तर तो फाटकात उभा. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात एक मोठी पिशवी.

‘‘तुमच्यासाठी आणलंय,’’ तो म्हणाला. ‘‘आरशाची काच, वायपर, डिक्कीची जाळी. माझी गाडी आता... म्हणजे तुम्हाला उपयोगी पडेल.’’

‘‘मला तुमचे स्पेअर पार्ट नकोत!’’

‘‘बरं.’’ त्याने पिशवी खाली ठेवली. मग उचलली. ‘‘मग काय हवंय?’’

‘‘खुशाल जा शहरात! मला काय! या रस्त्यांचा कंटाळा आला, असं सरळ सांगायचं ना.’’

‘‘कंटाळा नाही आला.’’ तो चष्मा पुसायला लागला. शर्टाचं टोकच ओलं होतं, काच आणखी खराब झाली. ‘‘मावशी म्हणाल्या... चूक नाही त्यांची. म्हणाल्या, आज या गावात, उद्या त्या गावात, अशा माणसाच्या भरवशावर मुलगी कशी द्यायची? मला वाटलं, एका जागी दुकान असलं तर... निदान विचारता येईल.’’

‘‘काय विचारता येईल?’’

त्याने खराब काचेचा चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला. पागोळ्या ठिबकत होत्या. तिला सगळं उमगलं, आणि उमगल्याबरोबर जो संताप आला तो आजवरच्या सगळ्या खड्ड्यांवर मिळूनही आला नव्हता.

‘‘म्हणजे मावशीला विचारलं, दुकानाच्या मालकाला विचारलं, आणि मला सोडून सगळ्यांना विचारलं! वेडा आहेस का तू?’’

‘‘मला ‘तू’ म्हणालीस,’’ तो एकदम म्हणाला.

‘‘चिडले की म्हणते.’’

‘‘मग... चिडलेलीच राहा.’’

आवाज उतरला तेव्हा तो तिचा तिलाच अनोळखी वाटला. ‘‘हे बघ. दुकान तुला हवं असेल तर घे. पण माझ्यासाठी घेत असशील तर नको. शहरातल्या दुकानात तू दिवसभर बसून राहशील, संध्याकाळी येशील आणि म्हणशील, आज काही विशेष नाही. मला तसा माणूस नकोय. मला घरी येऊन आज रस्त्यात काय काय झालं ते सांगणारा माणूस हवाय. आणि माझं ऐकून ‘मग?’ म्हणणारा.’’

मग तो हसला. आधी डोळ्यांत, मग सगळ्या चेहऱ्यावर.

‘‘सोमवारी सही नाही करत,’’ तो म्हणाला. ‘‘सांगू, आज रस्त्यात काय झालं?’’

‘‘काय?’’

‘‘ओढ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. म्हणून चालत आलो. वाटेत एका माणसाला तीनदा परत फिरावंसं वाटलं. एकदा तर तो फिरलाही.’’

तिने त्याच्या हातातली ती जड पिशवी ओढून घेतली.

‘‘मग?’’ ती म्हणाली.

‘‘मग त्याला वाटलं, तू चिडशील.’’

आतून मावशीचा आवाज आला, ‘‘अगं, बाहेर उभं राहून काय भांडता? पाय धुऊन आत ये म्हणावं त्याला!’’

डॉक्टरणीने फाटक उघडलं. ‘‘नळ त्या बाजूला आहे,’’ ती म्हणाली. ‘‘नीट धू. आणि आत येऊन पहिल्यापासून सांग. काही गाळायचं नाही.’’