स्टुलाकडे फिरलेला स्क्रीन

दुकानाचं शटर वर करताना मुकुलच्या डोक्यात फक्त चहा होता. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान म्हणजे रोजचं तेच. कोणी कीबोर्डवर सरबत सांडलंन्, कोणाच्या चार्जरची वायर मांजरानं खाल्लीन्. माणूस फटकळ, पण हाताला गुण होता. "यंत्र कधी खोटं बोलत नाही, बोलतात ती गिऱ्हाइकं," हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, कोणी विचारो न विचारो.

साडेनऊला उमाकाकू आल्या. देवदत्त सरांची बायको. सरांनी मुकुलला दहावीपर्यंत गणित शिकवलेलं, तेव्हा इथे फटकळपणा चालणार नव्हता. काकूंच्या छातीशी लॅपटॉप होता आणि खांद्याला नवी कोरी पर्स.

"बसा काकू. काय म्हणतोय?"

"कीबोर्ड चालत नाही रे. खालची ती बोट फिरवायची पाटीसुद्धा नाही. आणि मधेच स्क्रीन उलटा होतो."

लॅपटॉप शुभंकरचा, त्यांच्या मुलाचा. पूर्ण मागे दुमडून पाटीसारखा हातात धरता येतो, त्या जातीचा. शुभंकर बोटीवर नोकरीला होता. आठ महिन्यांपूर्वी भर समुद्रात एका सकाळी तो त्याच्या खोलीत नव्हता, डेकवर नव्हता, कुठेच नव्हता. देह काही हाती लागला नाही.

"आज बारा वाजता भाट्याच्या किनाऱ्यावर पालाशविधी ठेवलाय," काकू हळूच म्हणाल्या.

मुकुलला ठाऊक होतं. देह सापडला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात, आणि मग गेलेला तो गेलाच. खरं तर बारा वर्षं वाट बघायची रीत. पण घरात आर्याचं, शुभंकरच्या बहिणीचं, लग्न ठरलेलं. असं अधांतरी ठेवून मांडव कसा घालायचा, म्हणून काकूंच्या दिरांनी घाई लावलेली.

"सगळे तयारीत आहेत. पण मी अजून हो म्हटलेलं नाही," काकू म्हणाल्या. "रविवारी देवळात देवाच्या अंगाला दोन कळ्या चिकटवून कौल लावला. उजवी कळी पडली तर विधी करायचा, डावी पडली तर थांबायचं. दोन तास बसले रे. एकही पडली नाही. गुरवानं हात जोडलेन्. आणि घरी येऊन बघते तर ह्याचं हे असं सुरू. शुभूला कीबोर्ड नकोच असायचा. दुमडून, छातीवर ठेवून बोटानं लिहायचा... तू मला एवढंच सांग. बिघाड आहे, की..."

"आणि बिघाड निघाला तर?"

"तर हो म्हणते. नाही निघाला, तर कोणी काही म्हणो, त्या पुतळ्याला काडी लावू देणार नाही मी."

मुकुलनं लॅपटॉप पुढ्यात ओढला. देवानं न दिलेला कौल आता त्याच्या टेबलावर येऊन पडला होता.

तो कामाला लागला. चालू-बंदचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, पुन्हा सुरू केला. काही नाही. बाहेरचा कीबोर्ड जोडला, तो चालला. मग विंडोज सुरू होण्याआधीच्या निळ्या पानावर लॅपटॉपचीच बटणं दाबून पाहिली, तीही चालली. म्हणजे बटणं धडधाकट.

"काकू, ह्याला वाटतंय की आपण दुमडलेले आहोत. दुमडला की हा स्वतःच कीबोर्ड बंद करतो, खालून बोटं लागू नयेत म्हणून. आत एक सेन्सर असतो, जवळ लोहचुंबक आलं की..."

बोलता बोलता त्याची नजर पर्सवर गेली. काकूंनी तिच्यातून चष्मा काढून ती लॅपटॉपला खेटून ठेवली होती. तिचं बटण आपोआप टप् करून मिटलं होतं. त्यानं पर्स उचलून लांब ठेवली. कीबोर्ड चालू. जवळ आणली. बंद. तीनदा करून दाखवलं.

"कधी घेतलीत ही?"

"रविवारीच. वहिनीनं आणलीन् मुंबईहून."

"मग हेच तुमचं भूत! ह्या बटणात चुंबक आहे. घरी गेलात की कपाटात टाका आधी."

काकू हसल्या नाहीत. "आणि स्क्रीन उलटा होतो तो?"

"तेही त्यातलंच."

हे मात्र त्यानं तपासलं नव्हतं. गडी खुशीत होता, तोंडातून निघून गेलं.

"नक्की ना रे?"

"काकू, यंत्र खोटं बोलत नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या एवढ्याशा 'बरं'मध्ये त्यांनी मुलगा सोडला होता, हे मुकुलला तेव्हासुद्धा कळलं, आणि वाईट वाटलं. लॅपटॉप साफ करायला ठेवून त्या गेल्या.

सव्वाअकराला त्यानं तो पुसायला घेतला. कीबोर्ड बंद होता.

त्यानं टेबल रिकामं केलं. पेचकस, स्पीकर, स्वतःचा मोबाईल, सगळं मागच्या फळीवर ठेवलं. तरी बंद. मशीन उलटं करून झाकण उघडलं, सेन्सरची पट्टीच काढून टाकली आणि सुरू करून टेबलावर पूर्ण उघडून सपाट ठेवलं. आता दुमडलंय असं सांगणारं आत काही उरलंच नव्हतं.

स्क्रीन सावकाश फिरला. मुकुलला उलटा, समोरच्या गिऱ्हाइकाच्या स्टुलाला सुलटा. स्टुलावर कोणी नव्हतं.

बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर टेम्पोची घरघर, आणि दुकानात मात्र डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास. बंदरावर नाही, बोटीच्या पोटात असतो तसा. काचेवर अक्षरांची पाटी उघडली. एक अक्षर दबलं. थांबलं. दुसरं दबलं. जिथे दबलं तिथे काचेवर ओला ठसा उमटला.

आई

मुकुलनं फळीवरून मोबाईल ओढला आणि काकूंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. सरांचा फोन बंद, ते ओला पंचा नेसून किनाऱ्यावर उभे असणार. दिरांचा नंबर त्याच्याकडे नव्हता.

थांब

"उचला हो काकू... उचला..." तो स्वतःशीच बोलत होता. भाट्याला जायला वीस मिनिटं लागतात, घड्याळात पंधरा उरलेली. जाऊन सांगायचं तरी काय? नऊ वेळा फोन केला. शेवटी गाडीची किल्ली घेऊन उठला आणि दारातून मागे वळून पाहिलं.

आई थांब मी ये

पुढचं अक्षर येईना. तो किल्ली धरून उभा राहिला. दुरून कारखान्याचा बाराचा भोंगा झाला. स्क्रीन आपणहून सरळ झाला, बाण हलायला लागला. त्यानं एक बटण दाबून बघितलं. कीबोर्ड अगदी नव्यासारखा चालत होता.

त्या रात्री त्यानं ती ओळ एकेक अक्षर करून खोडली. पाप म्हणा, दया म्हणा. बायकोलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू कापडी पिशवी घेऊन आल्या.

"झाला नीट?"

"झाला."

"काल तुझे नऊ फोन येऊन गेलेले. मोबाईल पर्समध्ये राहिला, आणि पर्स तू सांगितलंस म्हणून कपाटात. काय काम होतं?"

"हेच... तयार झालाय म्हणून सांगायला."

"नऊ वेळा?"

मुकुलनं लॅपटॉप पुढे सरकवला. काकू बसायला वळल्या आणि थबकल्या. स्टूल ओलं होतं. त्यानं ते तीनदा पुसलं होतं, सकाळभर उन्हात ठेवलं होतं. काकूंनी त्यावरून बोट फिरवलं, ते जिभेला लावलं. खारट. त्यांनी डोळे मिटले.

मग त्या त्याच ओल्या स्टुलावर बसल्या. लॅपटॉप मागे दुमडून छातीशी धरला.

"काकू, घरी सोडू का तुम्हाला?"

"नको. थांबते मी," काकू म्हणाल्या. "थांब म्हटलंन् ना त्यानं."