सातवा पट्टा

डोंगराचं नाव सातपट्टा. अंगावर दगडाचे सात आडवे पट्टे, म्हणून सातपट्टा. नाव ठेवणाऱ्याने काही फार डोकं चालवलं नव्हतं, पण आजवर कुणाची तक्रारही नव्हती.

तक्रार घेऊन आला तो भूशास्त्र खात्यातला माणूस. सोमवारी सकाळी, हातात हातोडी, चष्म्यावर बोटभर धूळ, आणि थेट पाट्या रंगवणारीच्या दुकानात.

"पायथ्याची नवी पाटी तुम्हीच रंगवताय ना? थांबा जरा. पट्टे सहाच आहेत."

"आजोबांनी सात लिहिले, बाबांनीही सातच. चष्मा पुसा आणि पुन्हा मोजा."

त्याने खरंच पुसला, तिच्याच रंगाने माखलेल्या फडक्याने. हिरव्या काचांतून तो जग बघू लागला आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली.

मग तो रोज येऊ लागला. मंगळवारी सहा, बुधवारी आठ, गुरुवारी "नक्की सांगता येत नाही..." पाटीवर आकड्याच्या जागी कागद चिकटवलेला. आतून बाबा विचारायचे, "दगडच आहेत ना ते? की रोज जागा बदलतात?"

खरं तर सातवा पट्टा रस्त्यावरून झाडीआड जायचा आणि दुकानाच्या मागच्या खिडकीतून दिसायचा. तिने त्या खिडकीला एक भलीमोठी पाटी टेकवून ठेवली होती. आकडा ठरला की हा जाणार, आणि त्याने जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं.

शुक्रवारी तो पडलेल्या चेहऱ्याने आला. "उद्या अहवाल द्यायचाय. मग निघावं लागेल."

तिला राहवलं नाही. तिने खिडकीतली पाटी बाजूला केली. "तो बघा तुमचा सातवा."

त्याने तिकडे बघितलंच नाही. "माहीत आहे... सोमवारी संध्याकाळीच मागच्या गल्लीतून दिसला होता."

"मग चार दिवस हे काय चाललं होतं?"

"तुम्हीच म्हणालात, पुन्हा मोजा." त्याने हळूच पाटीवरचा कागद सोलला. खाली ठसठशीत 'सात'. त्याने बोट लावून पाहिलं. "हा तर खडखडीत वाळलाय."

"सोमवारीच लिहिला," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"अहवाल देऊन परत आलो तर... काही काम नसताना... चालेल?"

"आत्तापर्यंत कामासाठी येत होतात का?"

आतून बाबांचा आवाज आला, "ठरलं का एकदाचं?"

"ठरलं, बाबा," दोघं एकदम म्हणाली. मग त्याने जीभ चावली.

आतून भांड्याचा आवाज आला.

"बरं," बाबा म्हणाले, "चहात साखर किती घेता, जावईबापू?"