ग्रहाची पाठ

तारांगणाच्या दालनात ग्रहाचा गोळा टांगला होता, माणसाच्या दुप्पट उंचीचा. खरा ग्रह कुठल्याशा दूरच्या ताऱ्याभोवती फिरतो. आपल्या गुरूपेक्षाही थोराड, आणि ताऱ्याला इतका लगटून की त्याचं एकच तोंड कायम ताऱ्याकडे. पाठ जन्मभर अंधारात. ती कुणी पाहिलेली नाही.

थोरला भाऊ तिथे रंगारी, धाकटा दालनाचा प्रमुख. तिथली रीत अशी की भिंतीकडची बाजू रंगवायची नाही, नुसतं करडं अस्तर मारून सोडायची. तिकडे बघतो कोण!

"दादा, पुढचे पट्टे अजून भडक कर. पाहुणे येतीलच."

"आई तापाने फणफणलीय. तुझ्या नावाचा जप चाललाय तिचा. घर काय सातासमुद्रापार आहे?"

"उद्घाटन झालं की येतो म्हटलं ना!"

"तोवर तापाला बाकावर बसवून ठेवू?"

धाकटा पाठ फिरवून गेला. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने ब्रश असा घासला की केस तुटून रंगात चिकटले. ते उचलायला बोट लावलं, तर पट्टे गारढोण. समोर ताऱ्याचा दिवा जळत होता, त्याच्यापुढे हात धरवत नव्हता, आणि रंग मात्र थंड.

तो मागे गेला. गोळा आणि भिंतीमधल्या बोळात ऊब कोंडली होती. कालचं अस्तर आज ओलं होतं. वर बारीक थेंब, घाम फुटावा तसे. त्याने पालथा हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. हा चटका ओळखीचा होता. सकाळीच त्याने आईच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली होती.

"इकडे ये!" तो ओरडला.

धाकटा आला. "आता काय नवीन नाटक?"

"हात लाव."

"दादा, माझे कपडे खराब..."

थोरल्याने त्याचं मनगट पकडलं आणि तळवा अस्तरावर दाबला. हाड मोडेल इतक्या जोराने.

धाकट्याचा चेहरा उतरला.

"ताप आहे," तो पुटपुटला.

त्याच्या हाताखाली गोळा निवत गेला. मग पार थंड पडला.

अस्तरात पाच बोटं उमटली होती.

दोघे धावत घरी पोचले. बहीण दारात उभी होती. रडत नव्हती.

"आत्ताच गेली. शेवटी शांत झाली रे. म्हणाली, धाकटा आला. हात किती गार आहे त्याचा, म्हणाली."

थोरला आत गेला. आईच्या कपाळावर करडा पंजा उमटलेला होता. त्याने ओल्या फडक्याने पुसला, मग घासला. रंग ओलाच होता, पण निघेना.

"आलास ना?" तो मागे न बघता म्हणाला. "बघ आता."

धाकट्याने आपला तळवा उघडला.

त्यावर रंगाचा ठिपकाही नव्हता.